मदत हवी आहे : गांजा-चरस कायदेशीर केले तर गुन्हे घटतात का?

नमस्कार मंडळी, मुक्काम दापोली. लेकीला कॉलेजच्या वादविवादात ‘अमली पदार्थ कायदेशीर करावेत’ या बाजूने बोलायचंय. आमच्या आईला हे कळल्यापासून घरातच स्पर्धा लागलीय! २०२३च्या ऑगस्टात कर्दे, लाडघर, केळशीच्या पुळणीवर चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हापासून तिने या विषयाची धास्तीच घेतलीय.

लेक सारखा पोर्तुगालचा दाखला देते. मला वाटतं तिथेच घोळ होतोय. २००१मध्ये त्यांनी विक्री खुली केली नाही, फक्त स्वतःपुरतं जवळ बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. विकणाऱ्याला आजही शिक्षा आहेच. अमेरिकेतल्या ओरेगॉनने तसंच करून पाहिलं आणि २०२४मध्ये पुन्हा गुन्हा ठरवलं. रीतसर विक्री म्हणाल तर गांजाची, उरुग्वे आणि कॅनडात. तिथे चोरटा धंदा कितपत मोडला, यावर मराठीत वाचण्याजोगं काही आहे का?

शिवाय कोणी वकील असाल तर सांगा : आपल्या १९८५च्या कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरतात आणि नुसत्या पानांची भांग त्यात येत नाही, हे बरोबर ना? स्पर्धा शनिवारी आहे, जरा लवकर कळवा.