झिजलेल्या ठशांसारखा स्लॅब सेरिफ फॉन्ट पाटीवर खोटा का वाटतो?

प्रश्न
नमस्कार. एका कॉफीच्या दुकानासाठी मी सहा फूट रुंदीची पाटी करत आहे. तिच्यासाठी जुन्या लाकडी ठशांच्या छपाईसारखा, कडा झिजलेला आणि शाई उडालेला स्लॅब सेरिफ (अक्षरांना जाड, चौकोनी पाय असलेला) फॉन्ट निवडला. परंतु ‘कॉफी’च्या रोमन स्पेलिंगमध्ये दोन एफ आणि दोन ई शेजारीशेजारी येतात, आणि त्या जोड्यांवर नेमक्या त्याच जागी तेच ओरखडे दिसतात. खालची देवनागरी ओळ मात्र स्वच्छ आहे, म्हणून ती परकी वाटते. तिच्यावरही तसाच पोत चढवावा का?

उत्तर १
खऱ्या छपाईत शेजारचे दोन एफ म्हणजे दोन वेगळे ठसे असत आणि प्रत्येकाने आपापला मार खाल्लेला असे. काही फॉन्टांत एकाच अक्षराची दोनतीन रूपे दिलेली असतात, ती आधी तपासा. नसतील तर अक्षरांच्या बाह्यरेखा करून, म्हणजे फॉन्टचे साध्या आकारांत रूपांतर करून, दुसऱ्या एफचे आणि ईचे ओरखडे हाताने बदला.

झीज कुठे दाखवायची, हेही महत्त्वाचे आहे. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२८ मध्ये लाकडी ठशांचे नमुनापुस्तक काढले, आणि पुढे जाहिरातींच्या भित्तिपत्रकांवर जाड, चौकोनी पायांची ही अक्षरे लाकडातूनच सर्वत्र पसरली. लाकडी ठशाचे उघडे कोपरे आदळून आधी बोथट होतात, आणि रुंद दांडीचा पृष्ठभाग मध्ये थोडा बसला की तिथे शाई विरळ लागते. वाळू भुरभुरल्यासारखे सगळीकडे सारखे ठिपके टाकले, तर त्यामागचे कारणच हरवते.

उत्तर २
पाटी विनाईल (चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ थर) कापून करणार असाल, तर सावध राहा. प्लॉटर, म्हणजे ते कापणारे यंत्र, प्रत्येक ठिपक्याभोवती सुरी फिरवतो, आणि ते बारीक तुकडे सुईने उचलताना कडाही उचकटतात. माझ्या एका पाटीवरची अशी नाजूक टोके पहिल्याच पावसाळ्यात सुटली. तेव्हापासून मी ओरखडे मोजके आणि मोठे ठेवतो, किंवा सगळे अक्षर छापूनच घेतो. रस्त्यापलीकडून बारीक पोत दिसतही नाही. अक्षर फक्त फिकट दिसते.

उत्तर ३
देवनागरीवर तोच पोत चढवू नका, असे माझे ठाम मत आहे. शिरोरेषेच्या वर एक डाग पडला की ‘रग’चा ‘रंग’ होतो, आणि ओरखड्याने अनुस्वार पुसला की उलटे घडते. आपल्या छपाईच्या जुनेपणाची खूण वेगळी आहे. खिळे (अक्षरांचे धातूचे सुटे ठसे) जुळवून छापलेल्या मराठी पुस्तकात शिरोरेषा खिळ्याखिळ्याने जोडलेली असे, त्यामुळे सांध्यावर केसाएवढी फट राही आणि एखादे अक्षर किंचित खाली बसे. अशा दोनतीन फटी ठेवा, मात्र त्या दोन अक्षरांच्या मध्येच येऊ द्या, अक्षराच्या पोटात नकोत.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. दोन्ही जोड्यांतील दुसरे अक्षर बदलले आणि शिरोरेषेत दोन फटी ठेवल्या. आता पाटी छापूनच घेणार आहे. आधी पूर्ण आकाराचा कागदी नमुना दुकानावर लावून समोरच्या फुटपाथवरून पाहीन.