ॲसिडच्या गणितात उत्तर ३.७८ येते, पुस्तकात ४.८३ आहे. चूक कुठं?

कपाशीवाला (दारव्हा तालुका)
पोरगी अकरावी सायन्सला आहे. दोन दिवसांपासून एकाच गणितापाशी अडकून राहिली. सल्फ्युरिक ॲसिड वजनाने ३७ टक्के, घनता १.२८ ग्रॅम प्रति मिली, रेणुभार ९८, मोलॅरिटी काढा. मी दहावीपर्यंतच शिकलो, मले हे समजत नाही. गावात शिकवणी नाही, तालुक्याले जायचं तर एसटीत अर्धा दिवस जाते. नुसतं सूत्र नका देऊ, तिले उमजेल असं सांगा. सराव कशातून करायचा तेही सांगा.

वर्धेकडचा मास्तर
भाऊ, मोलॅरिटी म्हणजे लिटरभर द्रावणात किती मोल, आणि एक मोल म्हणजे रेणुभाराएवढे ग्रॅम, इथं ९८. पोरीनं ३७० भागिले ९८ केलं असणार. म्हणजे मोल काढणं तिला येतं. फक्त लिटरभर ॲसिड एक किलोच भरते असं तिनं धरलं. पाण्याचं तसं असतं, पण हे ॲसिड पाण्याहून जड आहे. लिटरभर घेतलं तर १२८० ग्रॅम. त्याचे ३७ टक्के म्हणजे ४७३.६ ग्रॅम. भागिले ९८, आले ४.८३. टक्के वजनावर दिले आणि मोलॅरिटी लिटरवर मागितली की मधात घनता घ्यावीच लागते. वर्गात दरवर्षी पोरं इथंच अडकतात, तिला रागावू नका.

आता तिला एकटीला हे करू द्या: तीव्र सल्फ्युरिक, ९८ टक्के, घनता १.८४. उत्तर १८.४ यायला पाहिजे. मग हायड्रोक्लोरिक, ३७ टक्के, घनता १.१९, रेणुभार ३६.५. उत्तर १२ च्या जवळपास. टक्के तेच ३७, घनता उलट कमी, तरी मोलॅरिटी अडीचपट. काहून, ते तिलाच शोधू द्या.

सरावाला एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक घ्या, पीडीएफ फुकट मिळते. पहिल्याच धड्याच्या स्वाध्यायात ६९ टक्के नायट्रिक ॲसिडचं अगदी असंच गणित आहे. महागडं गाईड आणू नका.

बॅटरीवाला
दादा, हा १.२८ आकडा आम्ही रोज पाहतो. ट्रॅक्टरची बॅटरी पूर्ण चार्ज असली की हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायचं साधन, तेवढंच दाखवते. काचेच्या नळीत ॲसिड ओढलं की आतला तरंगता वर येतो. बॅटरी उतरली की ॲसिडातला सल्फेट प्लेटांवर बसतो, ॲसिड पातळ होते आणि तोच तरंगता खाली जातो. पोरीले जवळच्या बॅटरीच्या दुकानात नेऊन एकदा दाखवा, घनता म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल. हात मात्र लावू देऊ नका. माझ्या पँटवर थेंब उडाला होता, तेव्हा काहीच दिसलं नाही, धुतल्यावर भोकं पडली.

वर्धेकडचा मास्तर
बरोबर. आणि कॉलेजात प्रॅक्टिकलला ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड थोडं थोडं सोडायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. एकदम तापून अंगावर उसळते.

कपाशीवाला
१८.४ बरोबर आलं, नायट्रिकचं १५.४४ आलं. हायड्रोक्लोरिकचं म्हणते, "बाबा, त्याचा एक मोल ३६.५ ग्रॅमचाच, म्हणून तेवढ्याच वजनात मोल जास्त बसतात." बरोबर आहे का सर? सोमवारी बाजाराले जातो तेव्हा तिले बॅटरीच्या दुकानात नेतो.

वर्धेकडचा मास्तर
शंभर टक्के बरोबर. आता तिला म्हणा, उतरलेल्या बॅटरीत घनता १.१५ आणि ॲसिड वजनाने २१ टक्के धरून मोलॅरिटी काढ. २.४६ आली की इथं कळवा.