विद्यापीठातली मुलगी कोरगुटाचं बी मागतेय. द्यावं का?

खाजनबाय

नमस्कार. मी चोडण बेटावरची. नोकरी पणजीत, सकाळची फेरीबोट आणि संध्याकाळची फेरीबोट यांच्या मधे जे उरतं त्यात शेती. खाजनात, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतात, दोन तुकडे मिळून साडेचार हजार चौरस मीटर. वरच्या तुकड्यात ज्योती हे सुधारित भात पेरते, खालच्या पोंयीकडच्या (बांधाच्या आतलं खाऱ्या पाण्याचं तळं) तुकड्यात कोरगुट, आमचं मीठ सोसणारं जुनं भात. तिथे दुसरं काही येतच नाही. एकदा हौसेने तिथेही ज्योती टाकली होती. जुलैत पाऊस आठ-दहा दिवस दडून बसला, चिखलावर पांढरी साय धरली आणि रोपांची टोकं उदबत्तीसारखी जळत गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या बांधावर उभ्या राहून बघत होत्या, ते बोलण्यापेक्षा वाईट.

तर गोष्ट अशी. गेल्या आठवड्यात रायबंदरच्या फेरीतून एक मुलगी स्कूटर घेऊन आली. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. खारटपणा मोजायचं पेनासारखं एक यंत्र काढलं आणि पोंयीच्या पाण्यात बुडवायला गेली, मग म्हणाली, हे २० च्या वर मोजत नाही. बॅगेतून शुद्ध पाण्याची बाटली काढली, एक भाग पोंयीचं आणि नऊ भाग ते पाणी असं मोजून कपात ओतलं. आकडा आला २.६. म्हणजे खरं पाणी २६. समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं म्हणाली, आणि भाताला ३ पासूनच त्रास सुरू होतो. मे महिन्यातलं पाणी आहे हे मान्य, पेरणीपर्यंत पाऊस ते धुऊन नेतो. तरी तो आकडा बघून मला आमच्या कोरगुटाचा जरा अभिमानच वाटला.

तिला हवं आहे ते असं: अर्धा किलो बी, शेतातली माती, आणि पीक आलं की पन्नास वेगवेगळ्या रोपांच्या पन्नास लोंब्या, प्रत्येक वेगळ्या पाकिटात.

मुलगी चांगली वाटली. चपला काढून चिखलात उतरली. पण आठ-नऊ वर्षांपूर्वी कुठल्याशा संस्थेचे लोक असेच आले होते. बी नेलं, सासूबाईंना मुडीशेजारी (बी ठेवायची पेंढ्याची गुंडाळी) उभं करून फोटो काढला, इंग्रजी कागदावर अंगठा घेतला. त्यानंतर ना फोन ना पत्र. फोटोसुद्धा दिला नाही. आता सासूबाई नाहीत, चैत्रात गेल्या. चुलीवरच्या धुरात टांगलेली मुडी त्यांच्या हातची शेवटची. तिच्यात आणि डब्यातल्या थोड्याशा मिळून माझ्या तुकड्यापुरतं बी आहे, फार वर नाही.

दीर म्हणतात, देऊ नकोस, ते पेटंट घेतील आणि उद्या तुलाच तुझं भात पेरायला बंदी. हे खरं आहे का? कागद मागायचा तर कोणता? मृग लागायला तीन आठवडे आहेत, लवकर सांगा.

---

मोरडवरचा म्हातारा

ताई, मी शेती खात्यात तीस वर्षं काढली, आता घरी आहे. तुमच्या दिरांची भीती रास्त आहे पण कायदा उलटा आहे. आपल्या देशात वाणाला पेटंट नाही. त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांचा. त्याच्या ३९ व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की शेतकरी आपलं बी राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. कोणी नोंदवलेलं वाण असलं तरीही. बंदी एवढीच की नोंदवलेल्या वाणाचं बी ब्रँडचं नाव छापून पिशवीतून विकायचं नाही. तुम्ही मुडीतून विकता, तुम्हाला कोण विचारतो.

दुसरं, तुमच्या बियांपासून कोणी नवीन वाण काढलं आणि नोंदवायला गेलं तर मूळ बी कुठून आणलं ते त्याला लिहून द्यावं लागतं. इथेच तुमचा कागद कामाला येतो. कुठलं गाव, कोणत्या शेतातलं, किती ग्रॅम, कोणत्या तारखेला, कशासाठी, एवढं मराठीत लिहून तिची आणि तिच्या मार्गदर्शकांची सही घ्या. एक प्रत पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे द्या आणि कोरगुटाची नोंद त्यांच्या नोंदवहीत आहे का तेही बघून या. नसली तर करून घ्या. समिती कागदावरच असते म्हणून लोक हसतात, पण कागदाची गरज पडते तेव्हा कागदच लागतो.

अंगठ्याचं वाचून लाज वाटली. आम्हीही असे अंगठे घेतले आहेत.

---

पेजेवाला

एवढं सरळ नाही हो काका. २००२ साली रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात काय झालं ते आठवा. भातसंशोधक डॉ. रिछारियांनी छत्तीसगडच्या गावागावांत फिरून गोळा केलेली हजारो भातं विद्यापीठाच्या कपाटात होती आणि विद्यापीठ एका परदेशी बियाणे कंपनीशी करार करायला निघालं होतं. ज्यांच्या घरून बी आलं त्यांना पत्ताच नाही. बातमी फुटली, लोक रस्त्यावर आले, तेव्हा त्याच वर्षी कंपनीने हात काढून घेतला. ओरडले म्हणून वाचलं. कायदा तेव्हाही कागदावर होता, अंमल मात्र सुरू झालेला नव्हता.

द्यायचं तर द्या, पण "विद्यापीठ म्हणजे आपलंच" असं धरून चालू नका.

---

रोपवाटिका

मी ती मुलगी नाही, हे आधी सांगते. पण माझं काम असंच आहे, दुसऱ्या पिकावर. काकी, ती अर्धा किलो आणि पन्नास लोंब्या वेगवेगळं का मागते ते सांगते, कारण त्यावरून ती काम समजून करतेय असं मला वाटतं.

तुमचं कोरगुट म्हणजे एक वाण नव्हे, कुटुंब आहे. एकाच वाफ्यात एखादं रोप जरा उंच, एखादं चार दिवस आधी निसवतं (लोंबी बाहेर टाकतं), एखाद्याची कुसळं लांब. मुडीतलं बी घेतलं तर सगळ्यांची खिचडी मिळते. लोंबी एकेका रोपाची घेतली तर कोणतं रोप मीठ जास्त सोसतं ते वेगळं काढता येतं. जुन्या गोव्यात एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान १ आणि २ ही वाणं अशीच कोरगुटातून निवडून काढली आहेत. त्यात कुठलं परकं जनुक घातलेलं नाही, शेतात होतं तेच वेचलं.

प्रयोगशाळेत काय चालतं: थर्माकोलच्या तुकड्याला भोकं पाडून खाली जाळी लावतात, भोकात मोड आलेलं बी ठेवतात आणि तो तुकडा खतपाण्याच्या ट्रेवर तरंगत सोडतात. मग पाण्यात मीठ वाढवत १२ पर्यंत नेतात. (पोंयीत मोजलं तेच एकक.) दोन-तीन आठवड्यांनी रोपांना १ ते ९ गुण देतात. १ म्हणजे जवळपास हिरवंगार, ९ म्हणजे मेलं. परीक्षेच्या अगदी उलट, कमी गुणवाला पास. शेवटी पानं वाळवून त्यात सोडियम किती नि पोटॅशियम किती ते बघतात.

कारण मीठ सगळ्याच भातांच्या मुळांत शिरतं. प्रश्न ते पानापर्यंत चढतं का हा असतो. काही भातांत मुळातून वर जाणाऱ्या रसातलं सोडियम वाटेतच मागे ओढणारं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक चिनी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये नोना बोकरा या बंगालकडच्या भातात शोधलं. केरळच्या पोक्कळी भातातूनही पहिल्या गुणसूत्रावरचा असाच एक तुकडा सापडलाय, त्याला सॉल्टोल म्हणतात. कोरगुट यातलंच काही करतं की त्याची युक्ती निराळी, बहुधा तोच तिचा प्रबंध असावा.

पेजेवाल्या दादांचं म्हणणं मला पटतं, पण दुसरी बाजूही आहे. पुराच्या पाण्याखाली दोन आठवडे तग धरणारी स्वर्णा-सब१ ही जात आपल्याकडे २००९ मध्ये आली. तिच्यातला तो गुण ओडिशातल्या एका जुन्या भाताचा. कोणीतरी एकेकाळी ते बी हातावर ठेवलं होतं म्हणून आज पूर येणाऱ्या भागांतल्या शेतकऱ्यांना ते मिळतं. त्या कोणीतरीचं नाव मात्र मला कुठे वाचायला मिळालेलं नाही, हेही खरं.

एक विनंती. तिच्याकडून थोडं बी दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत ठेवायला सांगा. तिथे उणे १८ अंशांत बी वर्षानुवर्षं टिकतं. बांध फुटून एखाद्या वर्षी सगळंच गेलं तर परत मागता येईल.

---

मानसवाला

सगळे बियांवर बोलताहेत. बी काय करणार हो, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कोण सांभाळणार?

आमच्याकडे मानशीच्या फळ्या मट्टीच्या लाकडाच्या. भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात आणि शेतातलं पाणी नदीत जातं. माणसाचा हात लागायलाच नको. पण मासे पकडायचा लिलाव होतो आणि ज्याने लिलाव घेतला त्याला मासे हवे असतात, भात नको. रात्री भरतीच्या वेळी फळी उचलून अडकवून ठेवतात. मासे आत, मीठही आत. कोमुनिदादीकडे (गावच्या जमिनीची मालक असलेली जुनी संस्था) तक्रार केली तर म्हणतात कुळांच्या संघाकडे जा, संघाकडे गेलो तर म्हणतात कोमुनिदादीची मानस.

१२ पर्यंत सोसणारं भात विद्यापीठाने काढलं तरी आमच्या शेतात रात्री २५ चं पाणी येतं. त्याला कुठलं जनुक शोधणार?

---

खाजनबाय

मानसवाले काका, तुम्ही आमच्याच वाड्यावरचे तर नाही ना? 😀 आमच्याकडेही तेच. बांधाला दोन वर्षांपूर्वी खांड पडली होती, ती बुजवायला चाळीस जणांनी चिखल ओढला. त्यात मासेवाला नव्हता.

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते.

मुलीला घरी बोलावलं. पेजेवाल्या दादांचं सगळं तिला वाचून दाखवलं, ती रागावली नाही, रायपूरचं तिला ठाऊक होतं. कागद तिने स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिला. र्‍हस्व-दीर्घाच्या चुका मी सुधारल्या, त्यावर दोघी हसलो. मार्गदर्शकांची सही दोन दिवसांनी आणून दिली. अर्धा किलो नाही दिलं, तीनशे ग्रॅम दिलं, ते तिला पुरलं. त्यातलंच थोडं जनुकपेढीसाठी. पंचायतीच्या नोंदवहीत कोरगुट होतं, पण वाड्याचं नाव चुकलेलं, ते दुरुस्तीला दिलंय.

कागदात "बी देणाऱ्याचं नाव" असा रकाना होता. मी सासूबाईंचं घातलं. मुलगी म्हणाली, काकी, हयात व्यक्तीचं लागतं. मग दोन्ही घातली.

मुडी सोडायची वेळ आली तेव्हा हात चालेना. सासूबाई म्हणायच्या, "बीं मागपाक आयिल्ल्याक परत धाडूं नये." हे त्या पिठाच्या वाटीबद्दलही म्हणायच्या, त्यामुळे फार मोठा अर्थ काढायला नको. पेंढ्याचा एकेक वेढा उलगडत गेले तर आतलं भात कोरडं ठणठणीत, एकाला किडा नाही. धुराचा वास आला. मुलीने मुठीत घेऊन बघितलं, वजन केलं, पाकिटावर तारीख लिहिली. मग उरलेलं बी पोत्यात घालून भिजवलं, दुसऱ्या रात्री पेंढ्याखाली दडपून ठेवलं आणि मोड आल्यावर पहिल्या चांगल्या पावसानंतर खालच्या तुकड्यात फेकलं. ती त्या दिवशीही आली होती. फेकायला दिलं तर सगळं बी एकाच कोपऱ्यात. पीएच.डी.त हे शिकवत नाहीत वाटतं.

आता पाकिटं घेऊन ती निसवल्यावर येईल. मानशीपाशी महिन्यातून दोनदा पाणी मोजून आकडे मला पाठवणार आहे, हे माझ्या अटीत नव्हतं, तिनेच काढलं. काका, रात्रीच्या भरतीला मोजायला कोणी सोबत येईल का ते कळवा. आकडा हातात असला तर संघाच्या बैठकीत बोलता येईल.

आणि एक अडचण राहिलीय. यंदाचं बी कशात ठेवू? मुडी बांधायला मी कधी शिकलेच नाही. उन्हाळ्यात ज्योतीच्या पेंढ्याची एक बांधून बघितली होती, तिसऱ्या वेढ्यालाच सुटली.

---

मोरडवरचा म्हातारा

ज्योतीचा पेंढा आखूड, तो मुडीला पुरत नाही. कोरगुटाचाच ठेवा. कापणीला विळा अगदी बुडाशी घाला आणि झोडताना पेंढा मोडू देऊ नका. बांधायला माझी बहीण मयेहून येईल, तिला दिवस तेवढा सांगून ठेवा.