शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात रक्त गोठेनासे होणारे अपघातग्रस्त : अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावी, सहा खाटांच्या अतिदक्षता विभागात मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. पोटाला किंवा मांडीला जबर मार लागलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया पार पडते, फुटलेली रक्तवाहिनी बांधली जाते, आणि तरीही पहाटेपर्यंत जखमेतून, नळ्यांतून, अगदी सुई टोचलेल्या जागेतूनही रक्त झिरपत राहून रुग्ण दगावतो, असे गेल्या काही महिन्यांत तीनदा झाले. तिघेही तरुण होते, आणि ही गोष्ट मनातून जात नाही.

अंग गार पडणे, रक्तातली आम्लता वाढणे आणि रक्त न गोठणे ही तिन्ही एकमेकांना बळ देतात, हे आम्ही जाणतो. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषध) आम्ही रुग्ण येताच देतो : पहिला १ ग्रॅम १० मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम ८ तासांत. मात्र २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, २०,२११ रुग्णांच्या क्रॅश-२ चाचणीत हे औषध ३ तासांच्या आत दिले तरच लाभ दिसला. उशिरा दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले आढळले. त्यामुळे दुसरीकडून उशिरा पाठवलेल्या रुग्णांना ते देता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. प्लाझ्मा, म्हणजे गोठण्याचे घटक असलेला रक्तातला द्रवभाग, ४५ किलोमीटरवरच्या रक्तपेढीतून येतो, आणि तो वितळवण्यात अर्धा तास जातो. तोवर रक्तदाब टिकवण्यासाठी सलाईन चढवावे लागते, ज्याने गोठण्याचे उरलेसुरले घटकही पातळ होतात आणि आम्लता वाढते. रक्त गरम करण्याचे यंत्र एकच असून ते शस्त्रक्रियागृहात असते. गरम पाण्यात पिशवी बुडवण्यास मी परवानगी देत नाही, कारण जास्त तापल्यास तांबड्या पेशी फुटतात.

आपल्यापैकी कुणी लहान रुग्णालयाच्या रक्त साठवणूक केंद्रात प्लाझ्मा ठेवण्याची व्यवस्था लावली आहे का? परवानगी, शीतकपाट आणि मुदत उलटून वाया जाणाऱ्या पिशव्या यांचा मेळ कसा घातला? दुसरे, रात्री रक्तातील कॅल्शियम मोजण्याची सोय नसताना, साठवलेल्या रक्तात ते गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट, गोठण्यासाठी लागणाऱ्या कॅल्शियमला बांधून ठेवते हे लक्षात घेऊन, आपण कितव्या पिशवीनंतर कॅल्शियम ग्लुकोनेट देता?

रात्रपाळीच्या परिचारिकांसाठी, रुग्ण खाटेवर येण्याआधी खोली, पांघरुणे आणि सलाईन कसे तयार ठेवावे याचे एका पानाचे मराठी टिपण कुणाकडे असल्यास कृपया इथे द्यावे.