झॉम्बी लांबून दाखवून झॉम्बीपट विकला: 'वर्ल्ड वॉर झी'ची जाहिरात योग्य होती का?

कडेची_खुर्ची (धागाकर्ता)

'वर्ल्ड वॉर झी' २१ जून २०१३ रोजी अमेरिकेत लागला आणि जगभरात त्याने सुमारे ५४ कोटी डॉलर जमवले. माझं म्हणणं असं की हा सिनेमा जाहिरातीने वाचवला, आणि त्या जाहिरातीत फसवणूक नव्हती.

ज्यांना पार्श्वभूमी आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ प्रदर्शन २१ डिसेंबर २०१२ ला ठरलं होतं, ते सहा महिने पुढे गेलं. बुडापेस्टमध्ये चित्रित झालेली मॉस्कोच्या लाल चौकातली लढाई, म्हणजे मूळ शेवट, काढून टाकावी लागली. डेमन लिंडलॉफ आणि ड्रू गॉडार्ड यांच्याकडून नवा शेवट लिहून घेतला आणि पुन्हा शूटिंग झालं. बजेट साडेबारा कोटी डॉलरच्या आसपास होतं ते १९ कोटींवर गेलं. हे सगळं 'व्हॅनिटी फेअर' मासिकाच्या जून २०१३ च्या अंकात मुखपृष्ठकथा म्हणून आलं. माल्टातल्या खरेदीच्या ऑर्डरी ड्रॉवरमध्ये विसरल्या गेल्या होत्या आणि त्यांची रक्कम लाखो डॉलरमध्ये होती, इतक्या तपशिलासकट. प्रदर्शनाच्या तोंडावर एखाद्या सिनेमाचं नाव याहून खराब होणं कठीण आहे.

आता सिनेमा काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओपुढचं गणित बघा. रक्तपात असलेल्या 'आर' प्रमाणपत्राच्या (सतराखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) भयपटाला पहिल्या शुक्रवार-शनिवारी गर्दी होते आणि दुसऱ्या आठवड्यात ती कोसळते. कमी बजेटच्या सिनेमाला तेवढं पुरतं, १९ कोटींच्या सिनेमाला पुरत नाही. त्याला शाळकरी मुलं हवीत, पस्तिशीपुढची जोडपी हवीत, एरवी भयपटाच्या वाटेला न जाणारे लोक हवेत. म्हणून पीजी-१३ प्रमाणपत्र (तेराखालच्या मुलांच्या पालकांना फक्त सूचना, प्रवेशबंदी नाही), आणि म्हणून ट्रेलरमध्ये दात, जखमा, आतडी यांऐवजी लोंढा. फिलाडेल्फियाच्या ट्रॅफिक जॅममध्ये अडकलेलं कुटुंब, जेरुसलेमच्या भिंतीवर एकमेकांच्या अंगावरून चढत जाणारा ढीग, हेलिकॉप्टर, आणि मध्यभागी बाप म्हणून ब्रॅड पिट. आपत्तिपट म्हणून विकला, आणि सिनेमा आहेही आपत्तिपटच. यात गैर काय?

अमावस्या

पूर्ण असहमत.

पहिला मुद्दा: भयपटाचा प्रेक्षक सगळ्यात निष्ठावान असतो आणि त्यालाच दाराबाहेर ठेवलं. पहिल्या ट्रेलरमध्ये एकही झॉम्बी नीट जवळून दिसत नाही. दिसतात ते संगणकावर केलेले ठिपके, वारुळातून उसळलेल्या मुंग्यांसारखे. झॉम्बीची भीती त्याच्या चेहऱ्यात असते. कालपर्यंत तो माणूस होता, शेजारी होता, हे चेहरा बघितल्याशिवाय कळत नाही. लोंढ्याला चेहरा नसतो, त्यामुळे तो पूर किंवा वादळ होऊन जातो.

दुसरा: सिनेमा ज्यावरून घेतला ती मॅक्स ब्रूक्सची २००६ ची कादंबरी म्हणजे युद्ध संपल्यावर घेतलेल्या मुलाखतींचा संग्रह. तिथले झॉम्बी संथ चालतात, आणि पुस्तकाचा सगळा जोर सरकारं, सैन्यं, अफवा, पुरवठा कसा कोलमडतो यावर आहे. सिनेमात चावल्यापासून बारा सेकंदांत माणसाचा झॉम्बी होतो आणि तो धावत सुटतो. पुस्तकाचं नाव पोस्टरवर वापरून पुस्तकातलं जवळजवळ काहीच द्यायचं नाही, ही वाचकाची फसवणूकच आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. विमानातला स्फोट ट्रेलरमध्ये का? तो प्रसंग कसा रचलाय बघा. मागच्या भागातून किंकाळ्या येतात, पडदा ओढला जातो, लोक सामानाच्या बॅगांचा बांध घालतात. सगळा ताण 'आता हे काय करणार' यावर उभा आहे. विमानाला भगदाड पडलेलं ज्याने आधीच बघितलंय त्याच्यासाठी तो ताण उरतच नाही. हा प्रसंग सिनेमा बराच पुढे गेल्यावर येतो. इतक्या उशिराचा कळीचा क्षण ट्रेलरमध्ये न घालणं हे साधं पथ्य आहे, तेही पाळलं नाही.

रीळपेटी

विमानाबद्दल अमावस्या यांच्याशी सहमत, बाकी नाही.

ट्रेलर कापताना हातात काय असतं ते आधी बघायला हवं. पहिला ट्रेलर नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. नव्या शेवटाचं शूटिंग नुकतंच झालेलं, संकलन चालू. जुना शेवट रद्द, म्हणजे मॉस्कोतला एकही शॉट वापरायचा नाही. उरले पहिले दोन भाग. त्यांतले लोंढ्याचे शॉट आधी पुरे करून घेतलेले असणार, कारण ट्रेलरला लागणारे व्हीएफएक्सचे (संगणकीय दृश्यपरिणामांचे) शॉट रांगेत आधी घेतले जातात. चेहऱ्याचे क्लोजअप जाणूनबुजून लपवले असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्या.

दुसरं म्हणजे शांतता ट्रेलरमध्ये टिकत नाही. तेव्हा पूर्ण ट्रेलरला अडीच मिनिटांची मर्यादा होती. त्यात साधारण पहिली ४० सेकंदं माणसं ओळखीची करून द्यायची, मग संकट, मग वाढत जाणारे तुकडे, शेवटी नाव. सिनेमाचा शेवटचा भाग वेल्समधल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळेत घडतो. लांब पांढरे कॉरिडॉर, पायाखाली काही वाजू नये म्हणून जपून टाकलेली पावलं, काचेपलीकडे उभा राहून दात वाजवणारा तो एक झॉम्बी. तो दात वाजवतो आणि आपण वाट बघत राहतो. हा परिणाम मिनिटभर थांबल्यावर मिळतो. तो तीन सेकंदांचा तुकडा करून ढोलांच्या ठेक्यावर बसवलात तर विनोदी दिसेल.

त्याच भागातला यंत्राचा प्रसंग घ्या. पिट शीतपेयाच्या यंत्रातून पेप्सीचा एक कॅन काढून पितो, मग यंत्र उघडून सगळे कॅन जमिनीवर सोडून देतो. कॅन गडगडत कॉरिडॉरभर जातात, आवाजाच्या मागे झॉम्बी धावतात, आणि तो त्यांच्यामधून उलट दिशेने चालत निघतो. ब्रँडची जाहिरात म्हणून लोकांनी नावं ठेवली, पण रचना म्हणून तो सिनेमातला सगळ्यात नेमका प्रसंग आहे. आवाजाने ते येतात हा नियम जेरुसलेममध्ये मोठ्या प्रमाणावर दिसतो. तिथे ध्वनिक्षेपकावरचं गाणं ऐकून भिंतीबाहेरचे बिथरतात. शेवटी तोच नियम नायक हत्यार म्हणून वापरतो.

हा भाग ट्रेलरात नव्हता म्हणूनच तो थिएटरात नवा वाटला. जाहिरातीने तो झाकून ठेवला हे उत्तमच केलं.

खर्चाचा_तक्ता

'जाहिरातीने वाचवला' हे वाक्य आकड्यांवर घासून बघू.

अमेरिका-कॅनडा सुमारे २०.२ कोटी डॉलर, बाकी जग सुमारे ३३.८ कोटी. हे तिकिटांचे पैसे झाले, स्टुडिओच्या हातात येणारे नव्हेत. अमेरिकेत साधारण निम्मा हिस्सा स्टुडिओकडे येतो, बाहेर तो ४० टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे १० अधिक साडेतेरा, साडेतेवीस कोटी. त्यातून निर्मितीचे १९ वजा केले की राहतात साडेचार. जगभर एकाच हंगामात लागणाऱ्या अशा सिनेमाच्या प्रसिद्धीचा आणि वितरणाचा खर्च १० कोटींच्या वर सहज जातो, आणि तो बजेटच्या आकड्यात धरलेला नसतो. निव्वळ थिएटरच्या पैशांत हिशेब बसत नाही. तो बसतो डिस्क, डिजिटल आणि टीव्हीच्या हक्कांवर, आणि त्यासाठी सिनेमा लोकांना आवडलेला असावा लागतो.

जाहिरातीचं यश पहिल्या तीन दिवसांत मोजायचं. ते ६.६४ कोटी होते, आधीच्या अंदाजांहून बरेच जास्त आणि तोवरच्या पिटच्या कुठल्याही सिनेमापेक्षा मोठे. तेही 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' त्याच शुक्रवारी लागून सव्वाआठ कोटी घेऊन गेलेला असताना. इथवर श्रेय जाहिरातीचं.

त्यानंतरचं श्रेय सिनेमाचं. अमेरिका-कॅनडातला एकूण गल्ला भागिले पहिले तीन दिवस हा गुणक काढा: २०.२ भागिले ६.६४, म्हणजे तीनच्या किंचित वर. एकच आठवडा आधी लागलेल्या 'मॅन ऑफ स्टील'चा २९.१ भागिले ११.६६, म्हणजे अडीच. दुसऱ्या आठवड्यात 'वर्ल्ड वॉर झी' ५५ टक्क्यांनी उतरला, मग मात्र सावरला. ट्रेलरच्या जोरावर आलेले लोक रागावून बाहेर पडले असते तर तीन गाठता आला नसता. सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या रात्री थिएटरच्या दारात प्रेक्षकांकडून छापील कार्डावर ए ते एफ अशी श्रेणी घेते. तिथे याला बी-प्लस मिळाला. भयपटांना तिथे सी मिळणं नेहमीचं आहे, कारण आलेल्याला जे हवं होतं ते मिळालं का, हेच ती श्रेणी मोजते.

अमावस्या

तुमचेच आकडे माझ्या बाजूने वाचता येतात. बी-प्लस मिळाला कारण भयपट बघायला येणाऱ्यांना आधीच गाळून टाकलं होतं. ज्यांना आपत्तिपट हवा होता तेच आले आणि त्यांनी चांगली श्रेणी दिली. आम्हाला विचारलंच कुणी नाही.

मध्यंतर

लपवलं, गाळलं, हे शब्द जरा जपून वापरू. अमेरिकेत प्रमाणपत्राच्या चौकटीत कारण छापावं लागतं. या सिनेमाचं कारण होतं 'तीव्र, भीतिदायक झॉम्बी प्रसंग, हिंसा आणि अस्वस्थ करणारी दृश्यं'. म्हणजे झॉम्बी हा शब्द अधिकृतपणे, सिनेमाच्या नावाखालीच छापलेला होता.

अमावस्या

मध्यंतर, ती चौकट प्रमाणपत्र मिळाल्यावर येते. सुरुवातीच्या टीझर पोस्टरवर आणि पहिल्या ट्रेलरवर ती नसते, आणि लोकांचं मत बनतं ते तेव्हा. शिवाय पोस्टरच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरात छापलेलं कोण वाचतं?

कडेची_खुर्ची

अमावस्या, भयपटाचा प्रेक्षक गाळला म्हणता, तर त्याच्यासाठी केलेलं एक काम सांगतो. रीगल थिएटरांसोबत ५० डॉलरचं 'मेगा तिकीट' काढलं होतं. अटलांटा, ह्यूस्टन, फिलाडेल्फिया, सॅन दिएगो आणि अर्वाइन इथली पाच थिएटरं, १९ जूनला म्हणजे दोन दिवस आधी थ्रीडी खेळ, सोबत पोस्टर, चष्मा, पॉपकॉर्न आणि नंतर डिजिटल प्रत. असलं तिकीट काठावरचा प्रेक्षक घेत नाही, वेडा चाहताच घेतो. पिट न सांगता आगाऊ खेळांना हजर राहिला तेही अशाच लोकांसमोर. मासिकातल्या बातमीवर यापेक्षा चांगला उतारा नव्हता. मासिक सांगतंय सिनेमा बिघडला, आणि बघून आलेले लोक सांगतायत नाही बिघडला.

रीळपेटी

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. बिघडल्याची बातमी पसरलेली असताना स्टुडिओ बहुतेकदा आगाऊ खेळ बंद करतात आणि समीक्षकांना शेवटच्या क्षणी बोलावतात. इथे उलट केलं. नवा शेवट चालतोय याची खात्री असल्याशिवाय असं धाडस कुणी करत नाही. पाच थिएटरं म्हणजे पैशांच्या दृष्टीने शून्य, पण पहिली प्रतिक्रिया कुणाकडून यावी हे त्यांना ठरवता आलं.

तिरकी_बॅटरी

दुसरी बाजू दाखवणारं ताजं उदाहरण देते. डॅनी बॉयलचा '२८ इयर्स लेटर'. डिसेंबर २०२४ चा ट्रेलर. किपलिंगची 'बूट्स' ही कविता, अभिनेता टेलर होम्सच्या आवाजात १९१५ साली ध्वनिमुद्रित झालेली. सुरुवातीला तो फक्त आकडे आणि पावलं मोजतो, मग आवाज चढत चढत ओरडण्यापर्यंत जातो, आणि चित्रं त्या लयीवर कापलेली. अर्धउघडी देहाकृती गवतातून उठते, ती जवळून. अमावस्या मागतायत तशीच ही जाहिरात आहे: भयपट भयपट म्हणून विकलेला, चेहरा दाखवून.

निकाल? जून २०२५ मध्ये अमेरिकेत पहिले तीन दिवस ३ कोटी डॉलर, अखेर सुमारे ७ कोटी. गुणक २.३. सिनेमास्कोर बी. समीक्षकांनी मात्र उचलून धरला. सिनेमा निम्म्यानंतर आई, आजारपण आणि मरण यांच्याकडे वळतो आणि अगदी शेवटी सूर एकदम बदलतो. ट्रेलरने न थांबणारी दहशत कबूल केली होती, पडद्यावर शोक मिळाला. मला तो सिनेमा 'वर्ल्ड वॉर झी'पेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. पण भीती प्रामाणिकपणे दाखवली की प्रेक्षक खूश होतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

खर्चाचा_तक्ता

त्याचं बजेट ६ कोटी होतं हे धरूनच तुलना करा. ६ कोटींच्या सिनेमाला २.३ चा गुणक परवडतो, १९ कोटींच्या सिनेमाला परवडत नाही. जाहिरातीचा सूर शेवटी बजेट ठरवतं.

अमावस्या

मग बजेटच चुकलं असं म्हणा. हाच वाद मला घालायचा आहे.

'आर' टाळण्यासाठी काय काय कापलं ते बघा. जेरुसलेममधून पळताना इस्रायली सैनिक सेगेनच्या हाताला चावा बसतो आणि गेरी, म्हणजे पिट, तिचा हात तोडतो. पीजी-१३ मध्ये वार झाला की कॅमेरा चेहऱ्यावर. प्रयोगशाळेत झॉम्बीच्या डोक्यात पहार रुतून बसते, ती उपसताना पिट जीव खाऊन ओढतोय आणि डोकं चौकटीबाहेर. प्रसंगाची सगळी धडपड त्या अडकलेल्या पहारीत आहे, आणि तीच दिसत नाही. मग सप्टेंबर २०१३ मध्ये घरी बघायच्या आवृत्तीत सुमारे सात मिनिटं जास्तीची, प्रमाणपत्राशिवायची प्रत आली आणि तिच्या जाहिरातीचा रोख सरळ आमच्याकडे. जूनमध्ये ज्यांच्यासाठी सिनेमा नव्हता, त्यांच्याकडून सप्टेंबरमध्ये पैसे मागितले. त्यातल्या ज्यांनी थिएटरचं तिकीटही काढलं होतं त्यांनी एकाच सिनेमासाठी दोनदा पैसे मोजले, आणि पहिल्यांदा मिळाली ती अपुरी प्रत.

रीळपेटी

पहारीच्या बाबतीत माझं मत उलटं आहे. चौकटीबाहेर ठेवल्यामुळे तिथे लक्ष पिटच्या खांद्यांकडे आणि दाराकडे जातं, आवाज होईल का याकडे जातं. दोन्ही प्रती लागोपाठ लावून फक्त तेवढा प्रसंग बघा, शक्यतो हेडफोन लावून. मग बोलू.