इंग्रजीत मत सांगितलं की भांडण काढल्यासारखं वाटतं, काय करावं?

कटवडा:
नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिकची, पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, सात वर्षं झाली. मराठी मीडियम असले तरी मेल, डॉक्युमेंट वगैरे आता झटपट होतं, घोडं अडतं ते बोलताना, आणि ते पण नेमकं मत सांगताना. क्लायंट मँचेस्टरचा आहे. मागच्या महिन्यात कॉलवर त्यांचा एक जण म्हणाला शुक्रवारी रिलीज करू, मी लगेच म्हटलं "नो, धिस इज नॉट पॉसिबल. अकॉर्डिंग टू मी यू हॅव टू टेस्ट अगेन." तिकडे सगळे गप्प. मग एकाने नुसतं "राइट..." म्हटलं आणि विषय बदलला. नंतर मॅनेजर म्हणतो टोन जरा खाली घे. अरे मी आवाज पण चढवला नव्हता! मग पुढच्या कॉलला प्रत्येक वाक्याआधी सॉरी लावलं तर म्हणतो इतकं सॉरी नको, आपण चूक केल्यासारखं वाटतं.

अजून एक. त्यांच्यातला एक जण पुण्याला आलेला, त्याला आम्ही मिसळ खायला नेलं. पहिल्या घासाला कान लाल, डोळ्यात पाणी, आणि म्हणतो काय तर "ओह, दॅट्स इंटरेस्टिंग. क्वाइट नाइस, अ‍ॅक्चुअली." मला वाटलं आवडली, मी लगेच अजून एक वाटी तर्री मागवली त्याच्यासाठी. बिचाऱ्याने संपवली पण. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला आला नाही.

तर प्रश्न असा की साधं गप्पा मारताना, भाषण न करता आणि समोरच्याला न दुखावता इंग्रजीत आपलं मत कसं सांगायचं? "इन माय ओपिनियन" म्हटलं की मला दहावीचा निबंध आठवतो.

झेंडूची_फुलं:
तर्रीची दुसरी वाटी 😂😂 त्याच्या सात पिढ्या लक्षात ठेवतील.

अगं ब्रिटिश माणसाचं "क्वाइट" म्हणजे आपलं "ठीके, बरंय". अमेरिकन "क्वाइट गुड" म्हणाला तर बहुतेक वेळा खरंच चांगलं असतं, ब्रिटिश म्हणाला तर आवाज ऐकायचा, "क्वाइट"वर जोर असेल तर पुढे "पण" येतोय समजायचं. आणि "इंटरेस्टिंग" हे आपल्याकडे स्थळ बघून आल्यावर "मुलगी हुशार आहे हो" म्हणतात ना, त्या जातीचं.

शुद्धलेखनवाली_मावशी:
मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते म्हणून जरा लांबण लावते, कंटाळा आला तर सोडून द्या. तुझ्या त्या एका वाक्यात तीन गोष्टी आहेत बघ. पहिली, "अकॉर्डिंग टू मी". हे आपण "माझ्या मते"चं सरळ इंग्रजी करतो, पण इंग्रजीत "अकॉर्डिंग टू" दुसऱ्याचा हवाला देताना येतं, म्हणजे पेपरच्या बातमीनुसार, डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार. स्वतःचाच हवाला स्वतः दिला की ऐकणाऱ्याला ते जरा आम्हीच प्रमाण असं वाटतं. त्याऐवजी "आय थिंक", "आय्ड से", "टू मी" इतकं पुरे.

दुसरी "यू हॅव टू". हा थेट हुकूम झाला. "वी माइट नीड टू" म्हण, "यू"चं "वी" केलं की अर्धी धार तिथेच जाते. आपण पण "तुम्हाला परत करावं लागेल" ऐवजी "परत एकदा बघून घेऊया का" म्हणतोच की.

तिसरी जास्त महत्त्वाची. मराठीत आपला मान क्रियापदात बसलेला असतो. "बघ", "बघा", "बघता का जरा", एवढ्यातच सगळं आलं, वर "अहो" आणि "ना" आहेतच. इंग्रजीत पण पूर्वी "दाऊ" आणि "यू" असं तू-तुम्ही होतं, सतराव्या शतकाच्या आसपास प्रमाण भाषेतून ते "दाऊ" मागे पडत गेलं आणि राहिलं एकटं "यू", बॉसला पण तेच आणि कुत्र्याला पण तेच. मग तो सगळा मान कुठेतरी ठेवायला हवा ना, तो "वुड", "माइट", "अ बिट", "आय वॉज वंडरिंग" यात जाऊन बसला. आपण मराठीतून इंग्रजीत जाताना "अहो" घरीच ठेवून जातो आणि ही माल भरलेली पोती पण उचलत नाही, म्हणून आपलं वाक्य उघडंवाघडं वाटतं. मनात उद्धटपणा नसतोच.

आणि गंमत म्हणजे युक्ती आपल्याला येते. "मी काय म्हणत होते..." असं आपण सुरुवात करतो ना? म्हणत होते कुठे, आत्ताच म्हणतोय! भूतकाळ लावून जरा लांब उभं राहायचं, बस. "आय वॉज थिंकिंग, मेबी वी कुड..." हे शब्दशः तेच आहे.

एकच_चहा:
मावशींना +१. आणि एक छोटी टीप, "नाही" पुढे ओढा. "आय थिंक इट वोन्ट वर्क" ऐवजी "आय डोन्ट थिंक इट'ल वर्क". अर्थ तोच, पण पहिल्यात नाही त्याच्या कामाला चिकटतं, दुसऱ्यात माझ्या वाटण्याला. मराठीत पण "हे होणार नाही असं वाटतं" आणि "हे होईल असं वाटत नाही" यात दुसरं मऊच लागतं कानाला.

स्पष्टवक्ता_सातारा:
मला हे सगळं नाटक वाटतं. चूक आहे तर चूक म्हणा. मी पाच वर्षं जर्मन टीमबरोबर काम केलं, तिथे मी हेच असलं शिकून गेलेलो "मेबी वी कुड हॅव अ लुक अ‍ॅट द व्हॉल्व्ह" वगैरे, त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मेबी म्हणजे मेबी. व्हॉल्व्ह दोन आठवड्यांनी गळायला लागला तेव्हा मलाच विचारलं की तू स्पष्ट का नाही सांगितलं. तेव्हापासून मी सरळ बोलतो आणि त्यांना तेच आवडतं.

गडकोट_वेडा:
@स्पष्टवक्ता, तुमच्या व्हॉल्व्हवरून आठवलं. कोरियन युद्धात एप्रिल १९५१ ला इमजिन नदीवर ब्रिटिशांची ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन चिनी सैन्याने घेरली. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी वरच्या अमेरिकन जनरलला परिस्थिती सांगितली ती म्हणे "थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर" अशी. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ वाट लागलीये, अमेरिकन कानाला त्याचा अर्थ जरा अडचण आहे पण निभावतंय. माघारीची परवानगी वेळेत आली नाही आणि त्या बटालियनचे बहुतेक लोक मारले तरी गेले किंवा पकडले तरी गेले. सगळा दोष त्या एका वाक्यावर टाकणं बरोबर नाही, पण किस्सा तिकडे अजून सांगतात. म्हणून धोका असेल तिथे "अ बिट" नको. तारीख, आकडा, काय फुटणार ते सरळ सांगा.

मुक्काम_मेलबर्न:
इकडे ऑस्ट्रेलियात तर वेगळीच तऱ्हा. "आय रेकन" म्हणजे मला वाटतं, ते सगळेच म्हणतात, प्लंबरपासून डॉक्टरपर्यंत. आणि "येह, नाह" ऐकलं की समजायचं उत्तर नाही आहे. "येह" म्हणजे तुझं ऐकलं, "नाह" म्हणजे पण नाही. पहिले सहा महिने मी "येह" ऐकूनच खूश होऊन निघून जायचो.

आणि ते "आय हॅव अ डाउट" कॉलवर म्हणू नका हो. आपल्याकडे ते शंका विचारणं, इकडे लोकांना वाटतं यांचा आपल्या कामावर विश्वास नाही. "क्विक क्वेश्चन" म्हणा.

गप्पांमध्ये माझं ठरलेलं आहे, आवडलं नाही तर वस्तूला नाव न ठेवता स्वतःवर घ्यायचं. "इट्स नॉट रिअली माय थिंग." व्हेजिमाइट (इकडे ब्रेडला लावतात ते काळं, खारट) असंच टाळतोय इतकी वर्षं.

शुद्धलेखनवाली_मावशी:
@स्पष्टवक्ता, तुमचं चुकीचं नाही, माणूस बघून बोलायचं. पण मऊ बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. सासूबाईंना "भाजीत मीठ जास्त झालं" आणि "आज भाजी जरा खारट झालीये का हो, का मलाच वाटतंय" दोन्हीत मीठ तेवढंच असतं. फक्त शेवटी काय हवंय ते मऊ करू नका. सुरुवात मऊ, तारीख कडक. आणि "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट" वापरू नका कृपया, ते मऊ वाटतं पण ते भांडणाचं आमंत्रण आहे.

कटवडा:
सगळ्यांना थँक्यू! काल ट्राय केलं. हातावर पेनाने "वी माइट" लिहून बसले होते 🙈 त्याने परत शुक्रवार काढला. मी म्हटलं "आय माइट बी राँग, बट आय डोन्ट थिंक फ्रायडे गिव्ज अस इनफ टाइम. पेमेंटचे चाळीस केसेस बाकी आहेत, आय्ड से ट्यूसडे." हो, मध्ये तेवढं मराठी गेलं तोंडातून घाईघाईत, परत सांगितलं मग. तर तो म्हणाला "फेअर पॉइंट."

आता हे "फेअर पॉइंट" म्हणजे खरंच पटलं, का हे पण मिसळीसारखंच?

एकच_चहा:
तारीख बदलली का?

कटवडा:
मंगळवार झाली.

एकच_चहा:
मग पटलं. तर्री नको मागवूस फक्त.