घाटात पिकअप गरम होतीय, इंजिनचं हेड (वरचा भाग) खोलायचं का? मदत हवी आहे

मंडळी, २०१६ ची डिझेल पिकअप, १ लाख ९० हजार किमी झालेत. तासगावातनं द्राक्षं घेऊन पुण्याला जाते, जाताना काही नाही पण येताना खताची पोती भरून खंबाटकी चढली की काटा लाल पट्टीला टेकतोय. थर्मोस्टॅट नवा, रेडिएटर साफ, वॉटर पंप बदलला, फॅन पण ठीक फिरतोय. खाली एक थेंब गळत नाही तरी दोन फेऱ्यांत अर्धा लिटर कूलंट गायब, रेस केली की बाटलीत बुडबुडे येतात आणि सकाळी गार गाडीचा वरचा होजपाईप दगडासारखा कडक. ऑइल मात्र काळंच आहे, दुधाळ नाही. मिस्त्री म्हणतोय डायरेक्ट हेड उतरवू, ऐन सीझनात गाडी आठवडाभर उभी करणं परवडत नाही ओ. हेड न खोलता त्याच्या खालचं गॅस्केटच (सील) गेलंय हे खात्रीनं कळायला कुठली टेस्ट करतात, आणि सांगली-मिरजेत ती कुठं होईल?